लुईझियानातला उसाच्या मळ्यावरचा वाडा बघायला जायचं का? नऊ वर्षांची नात बरोबर आहे

गुऱ्हाळवाले_काका

नमस्कार मंडळी. मी करवीर तालुक्यातला, शेती उसाची, वडलांपासून गुऱ्हाळ होतं ते चार वर्षांपूर्वी बंद केलं, माणसं मिळत नाहीत आणि गुळाचा दर तुम्हाला माहीत आहेच. मुलगी आणि जावई टेक्सासमध्ये ह्यूस्टनला लागून राहतात आणि गावाचं नाव काय तर शुगर लँड! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला म्हणलं, बाई इथनं उठून परत साखरवाडीतच गेलीस की. तर दसरा झाला की आम्ही दोघं तिकडं चाललोय आणि जावयांनी न्यू ऑर्लिन्सची चार दिवसांची ट्रिप ठरवलीय.

वाटेत मिसिसिपी नदीच्या काठाला जुने उसाचे मळे आणि मळेवाल्यांचे वाडे आहेत म्हणे, प्लँटेशन हाऊस म्हणतात. जावयांनी फोनवर फोटो दाखवले, पांढरे मोठमोठे खांब, दारात दोन्ही बाजूंनी झाडांची रांग, काही ठिकाणी राहायची पण सोय. आमची ही लगेच म्हणाली एक रात्र इथंच काढू, आपल्या न्यू पॅलेससारखं वाटतंय. तर मुलगी एकदम तापली. म्हणाली आई तो वाडा गुलामांनी बांधलाय, तिथं मी झोपणार नाही आणि फोटो पण काढणार नाही. जावई म्हणतात जायचंच तर व्हिटनी म्हणून एक आहे तिथं जाऊ, तिथं गुलामांच्या बाजूनं सगळं सांगतात. आता ही म्हणते, एवढे पैसे घालून सुट्टीला जायचं आणि रडून यायचं होय, बरोबर नऊ वर्षांची पोर आहे, तिला काय कळणार त्यातलं. व्हिडिओ कॉलवर अर्धा तास हेच चाललं, शेवटी मीच फोन ठेवला.

कुणी गेलंय का तिकडं? पोरीला न्यावं का? आणि माझ्यासारख्या ऊसवाल्याला तिथं बघण्यासारखं काय आहे ते पण सांगा.

पन्हाळकरीण

काका, मी बॅटन रूजला तीन वर्षं होते, नवऱ्याची पोस्टडॉक तिथं होती, त्यामुळं त्या नदीकाठच्या रस्त्यावर पाहुणे आले की आमची एक फेरी ठरलेलीच. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी एक बिना नावाचा किस्सा. पहिल्यांदा आम्ही ज्या वाड्यात गेलो (नाव सांगत नाही, आता सुधारलं असेल तर उगाच का) तिथं घेरदार झगा घातलेल्या गाईडनं आम्हाला पडदे कुठल्या देशातनं आले, जिना कुठल्या लाकडाचा, मालकीणबाईंच्या लेकीचं लग्न कसं मोडलं हे सगळं सांगितलं. जेवणाच्या टेबलावर छताला एक मोठा लाकडी पंखा टांगलेला होता, दोरी ओढून हलवायचा, आपल्याकडं साहेबलोकांचे असायचे तसा. मी विचारलं दोरी कोण ओढायचं. तर म्हणाली "अ सर्व्हंट बॉय". सर्व्हंट! पगार घेणारा असल्यासारखं. तासाभराच्या टूरमध्ये गुलाम हा शब्द मला वाटतं दोनदा आला.

व्हिटनी त्याच्या बरोबर उलटं. न्यू ऑर्लिन्सपासून गाडीनं साधारण तासाभरावर आहे. १७५२ मध्ये हायडेल नावाच्या जर्मन कुटुंबानं जागा घेतली, आधी नीळ करायचे, मग ऊस. पुढं न्यू ऑर्लिन्सच्या जॉन कमिंग्ज नावाच्या वकिलांनी ती विकत घेतली, पदरचे पैसे घातले आणि २०१४ च्या डिसेंबरात लोकांसाठी उघडली. आत गेलं की चर्चमध्ये लहान पोरांचे मातीचे पुतळे आहेत, माणसाएवढ्या उंचीचे, कुणी बाकावर बसलंय कुणी कोपऱ्यात उभं आहे. १९३० च्या दशकात सरकारनं माणसं पाठवून, जे गुलाम म्हणून जन्मले आणि तेव्हा म्हातारे होऊन जिवंत होते त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या, तीच ही पोरं. म्हणजे आठवण सांगणारा ऐंशी-नव्वदीचा म्हातारा, पण गुलामी भोगली तेव्हा तो असा पोर होता. आम्ही गेलतो तेव्हा तिकिटाबरोबर गळ्यात अडकवायला कार्ड द्यायचे, त्यावर त्यातल्याच एकाचा फोटो आणि मागं त्याचे शब्द. तुमच्या नातीला ते बरोबर कळेल, आपल्यापेक्षा जास्त.

नंतर भिंती आहेत. काळ्या दगडावर नुसती नावं. एका भिंतीवर याच मळ्यावर राबलेली साडेतीनशेच्या वर माणसं आणि दुसरीकडं अख्ख्या लुईझियानातल्या १ लाख ७ हजार गुलामांची नावं. ग्वेंडोलिन मिडलो हॉल नावाच्या बाईंनी आयुष्य घालून ती कोर्टाच्या आणि खरेदीखतांच्या जुन्या कागदातनं शोधून काढलीत. वाडा सगळ्यात शेवटी दाखवतात, आणि तोपर्यंत तुम्हाला पडदे कुठनं आणले हे विचारायची इच्छाच राहत नाही.

मावशींना सांगा राहायचं तर न्यू ऑर्लिन्समध्येच राहा, खायला पण तिथंच आहे सगळं.

नाद_खुळा_९

काका राग मानू नका पण हे जरा जास्तच होतंय असं मला वाटतं. आपण ताजमहाल बघताना मजुरांचा विचार करतो का, पन्हाळा बघताना कुणी तटाचे दगड वाहिले हे विचारतो का? मग दुसऱ्याच्या देशात जाऊन त्यांच्या पापाचा हिशोब आपण का करायचा. मस्त ओकची झाडं बघा, फोटो काढा, गम्बो खावा, या. रांगेतली ती २८ झाडं तर वाड्याच्या पण आधीची आहेत, त्यांनी कुणाला गुलाम केलेलं नाही 😄

पन्हाळकरीण

@नाद_खुळा_९ ओक अ‍ॅली म्हणताय ना, त्या झाडांचं म्हणाल तर तिथलीच एक गोष्ट ऐका. त्याच मळ्यावर आंत्वान नावाचा गुलाम माळी होता. पिकान नट असतो बघा, अक्रोडासारखा, त्याचं कलम कुणाला जमत नव्हतं ते त्यानं १८४६-४७ च्या हिवाळ्यात जमवलं. पुढं १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्या जातीला बक्षीस मिळालं आणि नाव दिलं सेंटेनियल. माळ्याचं आडनाव आजपण कुणाला माहीत नाही. झाडं बघायला मी कुठं नको म्हणतेय, झाडं बघा की, पण माळ्यासकट बघा.

आणि फोटोचं म्हणाल तर हा वाद तिकडच्यांचाच आहे, आपण उकरून काढलेला नाही. असल्या वाड्यात लग्नं लावायची तिकडं फॅशन, २०१९ मध्ये पिंटरेस्टनं आणि लग्नाच्या एका मोठ्या वेबसाइटनं अशा जागांची जाहिरात बंद करतो म्हणून जाहीर केलं. आणि २०२५ च्या मे महिन्यात नॉटोवे नावाचा, दक्षिणेत उरलेल्यातला सगळ्यात मोठा वाडा जळून खाक झाला, तर निम्मे लोक हळहळत होते आणि निम्मे अक्षरशः नाचत होते.

बॉयलिंग_हाऊस

काका मी कारखान्यावर प्रोसेसला आहे (कुठला ते विचारू नका, सीझन तोंडावर आहे). तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो कारण हे कुणीच सांगणार नाही.

तुम्ही गुऱ्हाळवाले म्हणून तुम्हाला लगेच कळेल. तिथं रस आटवायची पद्धत म्हणजे एका लांब चुलवाणावर ओळीनं चार-पाच लोखंडी काहिली, पहिली सगळ्यात मोठी, मग लहान लहान होत जाणाऱ्या. त्यांना फ्रेंच नावं, ला ग्रांद, फ्लांबो, सिरो आणि शेवटची बात्री. एका काहिलीत रस आटला की लांब दांड्याच्या पळ्यांनी पुढच्या काहिलीत ओतायचा. हातानं! उकळता रस! आपल्या गुऱ्हाळात एक काहील उतरवताना चार माणसं किती जपून असतात बघा, आणि तिथं हे ऑक्टोबर ते ख्रिसमसच्या पुढंपर्यंत रात्रंदिवस, सोळा-अठरा तासांच्या पाळ्या. घाई कशाची तर थंडीची. आपला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात निवांत उभा राहतो, तिकडं दव गोठायच्या आत तोडून गाळून मोकळं व्हायला लागतं नाहीतर सगळा रस आंबतो. त्यामुळं माणूस पडला तरी घाणा थांबत नसे. लुईझियानाच्या उसाच्या पट्ट्यात गुलामांमध्ये जन्मापेक्षा मृत्यू जास्त होते. कापसाच्या मळ्यावरच्या गुलामाला उसाच्या मळ्यावर विकायची धमकी देत, त्यावरनं काय ते समजा.

आता मजा ऐका. हे सगळं बदलणारा माणूस त्याच गावचा. नॉर्बर्ट रिल्यू, १८०६ चा जन्म, न्यू ऑर्लिन्स. वडील गोरे इंजिनिअर, आई स्वतंत्र कृष्णवर्णीय, त्यामुळं हा जन्मानं गुलाम नव्हता. पॅरिसला शिकला, तिथं शिकवलं पण, आणि १८४३ मध्ये मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटरचं पेटंट घेतलं. म्हणजे पहिल्या बॉडीतल्या (बंद भांड्यातल्या) रसाची वाफ दुसऱ्या बॉडीला उष्णता देते, दुसरीची तिसरीला, आणि पुढं पुढं व्हॅक्यूम वाढत गेला की रस कमी तापमानाला उकळतो, त्यामुळं जळत पण नाही आणि इंधन वाचतं. आमच्याकडं क्वाड आहे, म्हणजे अशा चार बॉडींचा संच, रोज सकाळी मी त्याच्यासमोर उभा असतो. जगात एक साखर कारखाना असा नाही जो या माणसाच्या डोक्यावर चालत नाही. नोकरीला लागून बारा वर्षं झाली तरी मला त्याचं नाव माहीत नव्हतं, बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेचं पुस्तक चाळताना एका ओळीत सापडलं. त्याची मशीन गुलामांच्या मळ्यांवरच बसली आणि मळेवाले अजून श्रीमंत झाले हा भाग वेगळा. स्वतः मात्र तिकडच्या वागणुकीला कंटाळून पॅरिसला परत गेला, १८९४ ला तिथंच वारला.

तर काहिली बघाच. आणि जमलं तर माझ्यासाठी एक फोटो.

मराठीच्या_बाई

वर कुणी म्हणालं दुसऱ्याच्या देशाचा हिशोब आपण का करायचा. अहो, आपण तो १८७३ पासून करतोय. जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण कुणाला केलीय ते उघडून बघा. गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना, आणि वर आशा ही की आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना दास्यातून सोडवावं. तिकडं युद्ध संपून गुलामी कायद्यानं बंद झाली १८६५ ला, म्हणजे आठ वर्षांत पुण्यात बसलेला माणूस ते आपल्या घराशी जोडत होता, इंटरनेट नसताना. आणि आपण कोल्हापूरकर, आपल्या शाहू महाराजांनी वेठबिगार बंद केली, महार वतनं खालसा केली, त्यांच्या गावची माणसं आपण, आपण म्हणायचं आमचा काय संबंध?

पोरीचं म्हणाल तर चौथीची मुलं मी तीस वर्षं शिकवलीत. त्यांना "वाईट वाटेल" म्हणून आपण जे दडवतो ते बहुतेक वेळा आपल्याला उत्तर देता येत नाही म्हणून दडवतो. जायच्या आधी घरी बसून सोप्या शब्दात सांगा की पूर्वी तिकडं माणसाला माणूस विकत घेत होता, आणि आई गुलाम असली की बाळ पण जन्मतःच त्या मालकाचं. एवढं पुरे. बाकी ती विचारेल.

बीडचा_पावणा

वाचत होतो गपचूप. मी बीडचा, आता कोल्हापुरात नोकरीला. आईवडील तोडीला यायचे, मी पालात वाढलेला, साखरशाळेत दोन वर्षं बसलोय. उचल घेतली की मुकादमाचा हिशोब, फिटला नाही तर पुढच्या वर्षी परत कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता, नाव पण माणसाचं नाही हत्याराचं. तुम्ही सगळे लुईझियानाच्या काहिलींवर बोलताय, तुमच्या फडात काय चालतंय ते बघायला विमानाचं तिकीट लागत नाही एवढंच म्हणायचंय.

बॉयलिंग_हाऊस

@बीडचा_पावणा बोललात ते खरं आहे आणि आम्हाला झोंबतं पण. फक्त एक, दोन्ही एकच आहे असं म्हणू नका. तुमचे वडील सीझन संपला की गावी जात होते, लेकराला कुणी लिलावात उभं करत नव्हतं. वेठबिगारीविरुद्ध १९७६ चा कायदा आहे, तो पाळला जात नाही ही आपली लाज, पण तिकडं कायदाच मालकाच्या बाजूला होता.

बीडचा_पावणा

एकच आहे असं मी कुठं म्हणलं. काकांनी तिथं जावं, आणि परत आल्यावर टोळीवाल्यांना पाणी कुठनं आणायला लागतं ते पण एकदा बघावं. झालं माझं.

गुऱ्हाळवाले_काका

सगळ्यांचे आभार. पावणं, तुमचं मनाला लागलं, आमच्या रानात पण टोळी असते आणि हापशी लांब आहे हे मला माहीत आहे. तिकीट काढलंय व्हिटनीचंच. ही म्हणते मी चर्चमध्ये बसून राहते, तुम्ही फिरा.

पन्हाळकरीण

काका, एक राहिलंच. तुम्ही शुगर लँडला आहात ना? तिथंच २०१८ मध्ये शाळेची नवी इमारत बांधताना जमिनीत ९५ माणसांचे सांगाडे सापडले. गुलामी संपल्यानंतरचे! कैदी म्हणून पकडायचे, बहुतेक काळी माणसं, आणि उसाच्या मळ्यांना भाड्यानं द्यायचे, कन्व्हिक्ट लीज म्हणतात. पूर्वी तुरुंगात नोकरी केलेले तिथलेच एक गृहस्थ वर्षानुवर्षं सांगत होते की इथं खाली माणसं आहेत, कुणी ऐकलं नाही. नंतर त्या सगळ्यांना तिथंच परत पुरलं. लेकीच्या घरापासून लांब नसेल.

गुऱ्हाळवाले_काका (तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. कबूल केलतं म्हणून लिहितोय, चुका पदरात घ्या, नातीच्या टॅबवरनं टाइप करतोय.

रस्त्यानं दोन्ही बाजूला ऊस! आपल्यासारखाच, थोडा बारीक, आणि मशीननं तोडणी चालू. जावयांना गाडी थांबवायला लावून मी पहिलं पेरं मोजलं, सगळे हसले.

चर्चमधली पोरं बघून आमची ही बसायचं म्हणून आलेली ती बसलीच नाही. पुढं एक जागा आहे तिथं त्या परगण्यात तीन वर्षांच्या आत गेलेल्या २,२०० गुलाम बाळांची नावं आहेत, १८२३ ते १८६३ मधली. मध्ये एका काळ्या देवदूत बाईचा पुतळा, हातात तान्हं. ही एकेक नाव वाचत गेली, इंग्रजी तिला अडखळत येतं, तरी वाचत गेली, आम्ही पुढं जाऊन परत आलो तरी तिथंच. मी काही बोललो नाही.

काहिली बघितल्या. बाहेर उघड्यावर आहेत, गंजलेल्या. बॉयलिंग हाऊसवाले, तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी हात लावला आणि खोली बघितली, आमच्यापेक्षा खोल आणि बूड गोल. गाईड काळी मुलगी होती, पंचविशीची असेल, तिनं विचारलं तुम्ही एवढं निरखून काय बघताय, तर लेकीनं सांगितलं वडील गूळ करायचे. मग माझं आणि त्या मुलीचं दहा मिनिटं बोलणं झालं, लेक मधे भाषांतर करत होती. मी सांगितलं मळी कशी काढतो, भेंडीचं पाणी कशाला घालतो, पाक आला की कसा ओळखतो. ती म्हणाली इथं पण कुणीतरी असा ओळखणारा असायचाच, सगळी साखर त्याच्या नजरेवर, तो चुकला तर अख्खा माल गेला. तो पण गुलामच. आमचा गुळव्या आठवला. सीझनला सगळ्यात जास्त पैसे त्याला आणि वर रोज जेवायला पहिलं ताट, नाहीतर दुसऱ्या गुऱ्हाळावर निघून जायचा. निघून जायचा हे सांगताना माझंच मला कसंतरी झालं.

शेवटी वाडा. नात म्हणाली आज्जा हा तर छोटाच आहे. खरंच छोटा आहे, खांब-बिंब फोटोतल्यासारखे नाहीत. ती आत पाच मिनिटं पण थांबली नाही, तिला गळ्यातल्या कार्डावरच्या पोराचं पुढं काय झालं ते पाहिजे होतं. रात्री हॉटेलवर विचारलं, त्याची आई कुणी विकत घेतली ते लिहून ठेवलंय तर परत कुणी आणली ते का नाही लिहिलं. लेकीनं माझ्याकडं बघितलं, मी जावयांकडं.

काहिलीचा एक फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं अमेरिकेतलं गुऱ्हाळ. आमच्या जुन्या गुळव्यानं लगेच विचारलं, कप्पी कुठं आहे मालक, काहील उचलायचे कशी. मी लिहिलं उचलत नव्हते, पळ्यांनी हातानं ओतायचे, या काहिलीतनं त्या काहिलीत. तर त्याचा व्हॉइस मेसेज आला, "मग भाजत असणार की ओ लई". त्याच्या स्वतःच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत डाग आहे, आमच्याच गुऱ्हाळावरचा, १९९१ च्या सीझनचा.

त्या ९५ जणांच्या जागेवर रविवारी जाणार आहे, शाळेला सुट्टी असते म्हणून. आणि ज्यांना पोरांना घेऊन व्हिटनीला जायचंय त्यांच्यासाठी: न्या खुशाल, टोपी आणि पाणी घ्या, सावली फार नाही, आणि डास बेक्कार आहेत.